भट्टी म्हणजे भट्टी

“भट्टी म्हणजे भट्टी!” असं म्हणून भूपालआण्णांनी टेबलावर अशी थाप मारली की माईक आडवा झाला आणि सिद्धोबाच्या देवळावरच्या कर्ण्यातून सगळ्या चिंचमाळला धाडकन आवाज ऐकू गेला. बाहेर कुत्री भुंकायला लागली.

भूपालआण्णा आमचे सरपंच. बगळ्यानं लाजून मान खाली घालावी इतके पांढरे कपडे, आणि कडक इतके की ते बसले की कपड्यांचा आवाज येतो. त्यांनी माईक सरळ केला आणि ग्रामसेवकांना म्हणाले, “भाऊसाहेब, वाचा पुन्हा.”

भाऊसाहेबांनी चष्मा वर ढकलून ठराव वाचला. “चिंचमाळ गावच्या हद्दीत यापुढे एकही भट्टी राहू देणार नाही. ठराव एकमतानं मंजूर.”

“ऐकलं? एकही! आणि हात कुणी वर केलेला? बायांनीच. सगळ्यात पुढं कोण होतं? ह्या वहिनीच होत्या.”

वहिनी म्हणजे माझी आई. ती पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत नव्या यंत्राचा रंगीत कागद. ग्रामसभेनं ‘आमची हरकत नाही’ एवढं म्हणायचं होतं. तेवढंच पाहिजे होतं आम्हाला.

“आण्णा, तो ठराव वेगळ्या भट्टीचा होता,” आई म्हणाली.

“कुठल्या?”

आईनं यंत्राचा कागद पिशवीत आणखी आत ढकलला.

“बोला की वहिनी. माईक देऊ का? कुठल्या भट्टीचा होता?”

आईनं पदर सारखा केला. “तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत असून काय उपयोग? लिहिलेलं काय आहे? भट्टी! तुमची कसली आहे? चुरमुऱ्याची भट्टी! झालं की मग.”

मागची माणसं हसली. मला असला राग आला की मी उठून उभीच राहिले. तेव्हा मी आठवीत होते आणि नुकताच मला शोध लागला होता की माझा आवाज चांगला मोठा आहे. “तो ठराव दा—”

पुढचं अक्षर बाहेर पडायच्या आत आईचा हात माझ्या तोंडावर. वाळू आणि मिठाचा वास असलेला हात.

“ए पोरी, बस खाली,” आण्णा म्हणाले. “तुझं नाव मतदार यादीत न्हाई.”

मी आईचा हात बाजूला केला. “यादीत नाही. धुरात आहे!”

या वेळी हसणारी माणसं वेगळी होती. आण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “सभा तहकूब! उरलेले विषय यात्रेच्या आदल्या दिवशी,” ते म्हणाले आणि कपड्यांचा आवाज करत निघून गेले.

आता धुराचं सांगते.

आम्ही भडभुंजे. आडनाव पण तेच आणि धंदा पण तोच. आमच्या भट्टीवर मोठी कढई, कढईत तापलेली वाळू. आई मीठ लावलेले तांदूळ त्यात टाकते, झाऱ्यानं एक गरका मारते आणि तडतड तडतड करत तांदळाचा चुरमुरा होतो. एवढीशी गोष्ट, पण मी लहानपणापासून रोज बघते आणि मला अजून जादूच वाटते. वाईट गोष्ट खाली असते. खाली लाकूड जळायचं. लाकूड ओलं असलं की वखारीतून टायरचे तुकडे यायचे आणि तेही जळायचे. मग जो धूर निघायचा तो काळा, जाड, आळशी. वर जायचाच नाही. रांगत रांगत शाळेत यायचा. आमच्या वर्गातला प्रणित उपाध्ये नाकाला रुमाल लावून ओरडायचा, “ए भट्टीवाली, तुझा धूर घरी घेऊन जा की!” सगळा वर्ग खिदळायचा आणि मी वहीत डोकं घालायचे. आई तर वर्षभर खोकायची. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, हसताना, भांडताना.

एक दिवस धुराबद्दल सरकारी नोटीस आली. यात्रेनंतर एक महिन्यात धूर बंद करा, नाही तर भट्टी बंद. त्याच आठवड्यात आई मला बरोबर घेऊन सांगलीला उद्योग केंद्रात गेली. तिथल्या मॅडमनी फिरत्या ड्रमचं यंत्र दाखवलं. गॅसवर चालतं, धूर नाही, टायर नाही. निम्मा खर्च सरकार देणार, बाकीचं बँक बघणार. फक्त गावाची हरकत नको.

आईला ते खरंच वाटेना. “आमच्या धंद्याला सरकार कशाला पैसे देईल हो?” तिनं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, “धूर तुमच्या एकट्याच्या घरात थांबतो का? गावभर जातो ना? मग तो घालवायचा खर्च तुमच्या एकट्यानं का करायचा?”

येताना एसटीत आई ते वाक्य पुटपुटत होती. मी पण पाठ केलं.

लाकडाची आणि टायरची वखार कुणाची, हे सांगायला पाहिजे का? बगळ्यासारखे कपडे आठवा.

आणि तो ठराव! तो आदल्या हिवाळ्यातला. ओढ्याच्या पलीकडे दारूच्या भट्ट्या होत्या. आई, परटाच्या गोदामावशी आणि गावातल्या पुष्कळ बायका मुसळं घेऊन गेल्या आणि पिंपं फोडून आल्या. ओढ्यातले मासे म्हणे दिवसभर उलटे पोहत होते. मग देवळात सभा झाली, आणि ठराव काय लिहायचा ते आईनं सांगितलं. “एकही भट्टी राहू देणार नाही.” भट्टी म्हटलं की तेव्हा सगळ्यांना एकच भट्टी कळत होती.

“पण तू ‘दारूची भट्टी’ असं का नाही सांगितलंस?” तहकूब सभेवरून घरी आल्यावर मी पाय आपटत विचारलं. “एक शब्द! एका शब्दानं घात केला!”

“देवळात त्याचं नाव घेतात होय?” आई म्हणाली.

“मग आज तरी मला बोलू द्यायचं होतंस!”

“आज पण देऊळच होतं.”

पप्पा दारात पोती शिवत बसले होते. दाभण थांबला. “जाऊ दे गं सुलभा,” ते हळू म्हणाले. “नको ते यंत्र. मी रोजगाराला जातो.”

‘जाऊ दे’ हा पप्पांचा आवडता शब्द. माझे पप्पा माणूस म्हणून लोण्याहून मऊ. मधे दोन-तीन वर्षं ते सारखे आजारी असायचे. तेव्हा आईच भट्टी पेटवायची, आईच माल पोचवायची. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल कुणी बोलत नाही. बोललंच तर “पप्पा आजारी होते तेव्हा” एवढंच.

“जाऊ द्यायचं नाही!” मी म्हणाले. “ठराव आहे ना? एकही भट्टी नाही ना? मग पाळूया की आपण!”

“म्हणजे?”

“म्हणजे बंद. आजपासून. यात्रेला चुरमुरे नाहीत.”

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता झारा फेकून मारते. कारण सिद्धोबाच्या पालखीवर चुरमुरे उधळतात. आमच्या गावात अक्षता म्हणजे चुरमुरेच. लग्नात एखाद्या वेळी नवरा नसला तरी चालेल, पण पालखीवर चुरमुरा पाहिजेच. पोतीच्या पोती लागतात, आणि ती आमच्याकडून जातात.

“देवाचं अडवायचं?” आई म्हणाली.

“आपण कुठं अडवतोय? ठराव अडवतोय.”

आई हसली. हसता हसता खोकली. खोकता खोकता भट्टीतलं जळतं लाकूड ओढून बाहेर काढलं आणि राखेत खुपसलं.

मी कोळशानं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘ग्रामसभेच्या ठरावानुसार भट्टी बंद.’ माझं अक्षर शाळेत कुणी वाखाणलं नव्हतं, पण त्या दिवशी मला ते फार देखणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना गोदामावशींच्या दारात थांबले. मावशी अंगणातल्या मोठ्या घंगाळात कपडे उकळत होत्या. खाली जाळ, वर सोड्याची वाफ, आणि वाफेतून वर येणारा भूपालआण्णांचा पांढरा शर्ट. मावशींनी काठीनं त्याला परत आत ढकललं.

“काय गं चुरमुऱ्या, तुमच्या भिंतीवर काय लिवलंयस म्हणं?”

मी सांगितलं. सांगता सांगता माझं लक्ष जाळाकडे गेलं. मग घंगाळाकडे. मग शर्टाकडे. “मावशी,” मी विचारलं, “ह्याला काय म्हणायचं? हे तुम्ही कपडे उकळता त्याला?”

“ह्याला? ह्याला भट्टी म्हंत्यात. भट्टीचे कपडे म्हंत न्हाईस व्हय तू?”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग मावशींच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की मला त्यांचे नसलेले दात पण दिसले.

“अगं बया! म्हंजी मी बी ठरावात!” त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि जाळावर ओतला. फस्स! “दारूची भट्टी फोडाय आम्ही गेलो, आणि ह्यो बाबा चुरमुऱ्याची इझवाय बसलाय! घे, जा म्हणावं आता ओल्या कपड्यात.”

मावशींना देऊळ-बिऊळ काही नव्हतं. त्या शब्द सरळ बोलायच्या.

संध्याकाळी बसगोंडा आचारी देवळाच्या मागे विटा रचत होते. यात्रेच्या महाप्रसादाची आमटी तेच करतात. एवढं मोठं पातेलं की आत माणूस पोहेल. मी विचारायच्या आतच ते म्हणाले, “माहीत आहे. गोदाबाई येऊन गेली.” आणि रचलेली वीट परत काढून बाजूला ठेवली. “मी काय करतोय ह्याला? भट्टी लावतोय. भट्टीला बंदी. बरोबर?”

“बरोबर.”

“मग डाळ भिजवून वाढू. गूळ घालून. नियम म्हंजे नियम, बाळ.” आणि मिशीत हसले.

यात्रेच्या आदल्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी ग्रामसभेला डोकी कमी आणि खुर्च्या जास्त असतात. त्या दिवशी बायका कामं टाकून आल्या होत्या. प्रणित उपाध्येसुद्धा खांबामागे होता, आणि पप्पा पार मागे भिंतीला टेकून बसले होते. भूपालआण्णा आले, आणि सगळं देऊळ त्यांच्याकडे वळून बघायला लागलं. मग कुणीतरी फुस्स केलं आणि हसू फुटलं. आण्णांचा शर्ट चुरगळलेला होता. नुसता चुरगळलेला नाही, पिवळट, ओलसर, बाही एक वर एक खाली. ते बसले. कपड्यांचा आवाज आला नाही.

“हा पोरखेळ कुणी चालवलाय ते मला माहीत आहे,” आण्णा माझ्याकडे बघत म्हणाले.

“पोरखेळ नाही, ठराव आहे,” मी आईशेजारून ओरडले. “भट्टी म्हणजे भट्टी!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. गोदामावशी म्हणाल्या, “आण्णा, तुमच्या विजारी सोड्यात भिजल्यात. उद्यापतूर आणखी भिजल्या तर चाळण हुईल. काय ते लौकर ठरवा.”

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. “सरपंच, दुरुस्ती करता येईल. कुठल्या भट्टीला बंदी, तो एक शब्द घातला की झालं. ज्यांनी ठराव मांडला त्यांनी सांगावं.”

मला वाटलं, जिंकलो! संपलं! मी आईला कोपरानं ढोसलं. “बोल ना!”

आण्णांनी माईक हातात घेतला. पण ते आता चिडलेले नव्हते. ते हसत होते, आणि मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. “हो, वहिनींनीच सांगावं. सगळं सांगावं. ती भट्टी कसली होती. तिथं रोज कोण जात होतं. ओढ्यातनं पोत्यासारखं कुणाला उचलून आणायला लागायचं. सरकारचे पैसे कुणाच्या घरात जाणार आहेत, ते गावाला कळायला नको?” त्यांनी माईक आईसमोर धरला. “घ्या. शब्द सांगा.”

सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. गोदामावशीसुद्धा.

आईनं तोंड उघडलं. मिटलं. माईकमधून तिचा श्वास तेवढा कर्ण्यातून बाहेर जात होता, आत येत होता. आणि मग मला कळलं. एखादा दगड पाण्यात तळाला जाऊन बसावा तसं कळलं. देवळाचा काही संबंधच नव्हता. ठराव झाला त्या सभेतही पप्पा असेच भिंतीला टेकून बसले होते, म्हणून आईनं तो शब्द गाळला होता. घरात ‘आजारी’ म्हणायचं, तसंच इथं ‘भट्टी’ म्हणायचं. गावाला माहीत असणं वेगळं आणि नवऱ्यासमोर कर्ण्यातून ऐकू येणं वेगळं. आईनं पिंपं मुसळानं फोडली, पण तो एक शब्द तिला फोडता आला नव्हता. आणि भूपालआण्णांना हे पहिल्यापासून माहीत होतं. त्यांना माहीत होतं की ती बोलणार नाही. ते त्याच्याच जिवावर बसले होते.

माझा मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

“न्हाई ना सांगत?” आण्णा म्हणाले. “मग ठराव आहे तसाच—”

“दारूची.”

आवाज मागून आला. इतका हळू की पुढच्यांना मागे वळून बघावं लागलं. पप्पा भिंतीचा आधार सोडून उभे राहिले होते. ते एकेकाला ओलांडत, “सरका जरा, सरका,” म्हणत पुढे आले आणि त्यांनी आण्णांच्या हातातला माईक घेतला. हिसकावला नाही. घेतला, जसं कुणी आपलीच वस्तू परत घेतं.

“दारूची भट्टी,” पप्पा म्हणाले, आणि कर्ण्यातून ते सगळ्या चिंचमाळला ऐकू गेलं. “लिहा भाऊसाहेब. रोज मीच जात होतो. पोत्यासारखा मलाच आणायचे. ही कढई सांभाळायची आणि मला पण सांभाळायची. मी आजारी नव्हतो. मी दारू प्यायचो. हिनं ती भट्टी बंद केली म्हणून आज उभा आहे मी.” ते थांबले. मला वाटलं, झालं त्यांचं बोलून. पण नाही. “आणि आण्णा, तिथली पिंपं तापवायला लाकूड कुठल्या वखारीतनं यायचं, ते पण लिहायचं का? सगळं सांगायचं म्हणालात म्हणून विचारतो.”

बाप रे! माझे पप्पा! लोणी!

आण्णांनी ओल्या शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, तोही ओलाच निघाला.

“दारूची!” गोदामावशी ओरडल्या. “लिवा हो, दारूची!” मग कुणाची तरी सासू, मग कुणाची तरी सून. पदर तोंडाला लावून बोलणाऱ्या बायका पदर सोडून ओरडायला लागल्या. दारूची! दारूची! सिद्धोबासमोर, घंटेखाली, कर्णा चालू असताना. असला गजर त्या देवळात पूर्वी झाला नसेल, आणि देवाला काही झालं नाही. आई मात्र ओरडत नव्हती. ती पप्पांकडे बघत होती. नव्या नवरीसारखी बघत होती म्हटलं तर ती मला मारेल, म्हणून म्हणत नाही.

भाऊसाहेबांनी शब्द घातला. मग आईनं पिशवीतून यंत्राचा कागद काढला आणि माईक मागून घेतला. “धूर माझ्या एकटीच्या घरात थांबत नाही,” ती म्हणाली, जराही न अडखळता. “तो घालवायला सरकार निम्मं देतंय. गावानं फक्त हात वर करायचाय.”

हात वर झाले. मतदार यादीत नाव नसलेला माझा पण. मला कुणी खाली कर म्हणालं नाही.

त्या दिवशी आम्ही जुनी भट्टी शेवटची पेटवली. पालखीला पोती पोचली, आमटी शिजली, आणि भूपालआण्णा पालखीमागून कडक कपड्यात चालले. गोदामावशींनी खळ जरा जास्तच घातली होती. आण्णांना मान वळवता येत नव्हती.

आता मी दहावीत आहे. ड्रम घरघर फिरतो, पप्पा तो चालवतात, आणि आमच्या छपरावर एक जाई चढली आहे. पूर्वी तिथं काजळी चढायची. आईचा खोकला संपूर्ण गेला नाही. पण हसताना येत नाही.

मागच्या आठवड्यात शाळेत नवीन मुलं आली. त्यांतल्या एकाला प्रणितनं माझी ओळख करून दिली, “ही आमची भट्टीवाली.” त्याला सवयच आहे. तो नवा मुलगा हसला.

मी बाक वाजवला. “कसली भट्टी?” मी विचारलं. “शब्द पूर्ण बोल.”